स्वस्त रेल्वे तिकिटांचे सल्ले : खरे किती, फसवे किती?

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या गेवराईत रेल्वे नाही. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मराठवाड्यातील जुना लोहमार्ग निजामाच्या काळात, इ. स. १९०० च्या सुमारास सुरू झाला. तो गोदावरीच्या उत्तरेकडून जालना, परभणीमार्गे गेला आणि नदीच्या दक्षिणेकडील गेवराई तालुका त्यापासून दूरच राहिला. आजही मुंबईची गाडी पकडण्यासाठी गेवराईकराला प्रथम एस. टी. ने जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर ही रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून तीस-पस्तीस किलोमीटरवरील बीडचे स्थानकही जवळचे झाले आहे.

ज्या गावात आरक्षणाची खिडकी हाकेच्या अंतरावर नाही, तेथे रेल्वेच्या नियमांची माहिती मिळते ती प्रामुख्याने वर्तमानपत्रे, दूरचित्रवाहिन्या आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुरातून. "या युक्तीने तिकीट निम्म्या किमतीत मिळवा", "ज्येष्ठांना पुन्हा सवलत", "आता तिकिटाविना प्रवास शक्य" अशा मथळ्यांची तेथे वाण नसते. शहरातील माणूस चुकीचा सल्ला मानून स्थानकावर गेला, तर फार तर तासभर वाया जातो. गेवराईहून निघालेल्या कुटुंबाची मात्र एस. टी. चे भाडे, एक दिवसाची मजुरी आणि प्रसंगी रुग्णालयाची ठरलेली तारीखही हातची जाते. म्हणून हे सल्ले नियमांच्या कसोटीवर तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भाडे ठरते कसे?

भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे भाडे तीन गोष्टींवर ठरते : अंतर, श्रेणी आणि गाडीचा प्रकार. मूळ भाड्यात आरक्षण शुल्क मिळविले जाते. द्वितीय श्रेणीच्या आसनासाठी ते १५ रुपये, शयनयानासाठी २० रुपये, तृतीय वातानुकूलित श्रेणीसाठी ४० रुपये, तर द्वितीय वातानुकूलित श्रेणीसाठी ५० रुपये आहे. गाडी अतिजलद असेल तर द्वितीय श्रेणीत १५, शयनयानात ३० आणि वातानुकूलित तृतीय व द्वितीय श्रेणींत ४५ रुपयांचा अधिभार लागतो. वातानुकूलित श्रेणींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर असतो. संकेतस्थळावरून तिकीट काढल्यास सुविधा शुल्क निराळे द्यावे लागते. बिगरवातानुकूलित श्रेणीसाठी ते १५ रुपये आणि वातानुकूलित श्रेणीसाठी ३० रुपये आहे. यूपीआयने पैसे भरल्यास ते अनुक्रमे १० व २० रुपये होते, आणि त्यावर कर लागतो. खिडकीवरील तिकिटाला हे शुल्क नाही.

तिकिटाची रक्कम या घटकांच्या बेरजेने बनते. ती कोणत्या वारी तिकीट काढले, रात्री काढले की पहाटे, संगणकावरील जुन्या नोंदी पुसल्या की नाही, यावर अवलंबून नसते. "मंगळवारी तिकीट काढा", "गुप्त खिडकी उघडून शोधा" हे सल्ले विमान कंपन्यांच्या बदलत्या दरांच्या संदर्भात प्रसृत झाले. रेल्वेच्या सर्वसाधारण गाड्यांना ते लागू पडत नाहीत.

जुन्या लेखांतील भाड्याच्या कोष्टकांवरही विसंबू नये. १ जुलै २०२५ आणि पुन्हा २६ डिसेंबर २०२५ पासून भाड्यात वाढ झाली आहे. त्यापूर्वीचे आकडे आज उपयोगाचे नाहीत.

'लवकर आरक्षण करा, स्वस्तात जा'

हा सल्ला अर्धसत्य आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरान्तो गाड्यांना मागणीनुसार वाढणारे भाडे लागू करण्यात आले. या पद्धतीत दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढते आणि ते ठरावीक कमाल मर्यादेपर्यंतच वाढते. तेथे लवकर तिकीट काढणाऱ्याचा फायदा होतो. मात्र जालन्याहून मुंबईला जाणाऱ्या देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसला ही पद्धत लागू नाही. त्या गाड्यांचे सर्वसाधारण तिकीट पहिल्या दिवशी घेतले काय आणि शेवटच्या दिवशी घेतले काय, मूळ भाडे तेच राहते.

लवकर आरक्षणाचा खरा लाभ वेगळाच आहे. जागा निश्चित मिळते आणि 'तत्काळ'चा भुर्दंड टळतो. तत्काळ तिकिटासाठी शयनयानात १०० ते २०० रुपये आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत ३०० ते ४०० रुपये अधिक मोजावे लागतात. शिवाय तत्काळ तिकिटावर कोणतीही सवलत मिळत नाही. आरक्षणाची आगाऊ मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली गेली आहे. त्यामुळे "चार महिने आधी तिकीट काढा" हा जुना सल्लाही आता कालबाह्य झाला आहे.

तिकिटाचे तुकडे केल्यास?

एका लांबच्या प्रवासाची दोन छोटी तिकिटे काढली तर पैसे वाचतात, असा सल्ला अधूनमधून वाचावयास मिळतो. त्याचे मूळ ब्रिटनमध्ये आहे. तेथील भाडेरचनेत काही मार्गांवर असे खरोखर घडते. भारतात मात्र परिणाम नेमका उलटा होतो. येथे अंतर वाढत जाते तसतसा प्रतिकिलोमीटर दर कमी होत जातो. म्हणजे लांबचे एक तिकीट हे जवळच्या दोन तिकिटांपेक्षा स्वस्त पडते.

यात आणखी एक नियम भर घालतो. मेल-एक्स्प्रेस गाडीत शयनयानासाठी किमान २०० किलोमीटरचे आणि तृतीय व द्वितीय वातानुकूलित श्रेणींसाठी किमान ३०० किलोमीटरचे भाडे आकारले जाते, मग प्रवास त्याहून कमी का असेना. जालन्याचेच उदाहरण घेऊ. जालना ते मनमाड हे अंतर सुमारे १७६ किलोमीटर आणि मनमाड ते मुंबई सुमारे २६० किलोमीटर आहे. सरळ तिकीट काढल्यास सुमारे ४३६ किलोमीटरचे भाडे पडते. मनमाडला तिकीट तोडल्यास शयनयानात २०० अधिक २६०, म्हणजे ४६० किलोमीटरचे भाडे होते. वातानुकूलित श्रेणीत तर ३०० अधिक ३००, म्हणजे तब्बल ६०० किलोमीटरचे भाडे द्यावे लागते, तेही चढ्या दराने. आरक्षण शुल्क दोनदा भरावे लागते ते वेगळेच. बर्थ दोन निरनिराळ्या डब्यांत मिळाले तर मध्यरात्री सामानासह स्थलांतर करण्याची वेळ येते.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत

सर्वाधिक दिशाभूल झाली ती या विषयात. २०२० पर्यंत ६० वर्षांवरील पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत मिळत असे. करोनाच्या साथीत, २० मार्च २०२० पासून ती थांबविण्यात आली. दिव्यांगांचे ४ प्रवर्ग, रुग्णांचे ११ प्रवर्ग आणि विद्यार्थी यांच्या सवलती तेवढ्या चालू ठेवण्यात आल्या. साथ ओसरली, गाड्या पूर्ववत झाल्या, पण २०२५ साल संपले तरी ज्येष्ठांची सवलत परत आली नव्हती.

या काळात "ज्येष्ठांना आनंदाची बातमी" हा मथळा मात्र कितीतरी वेळा छापून आला. त्यामागची प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने किमान शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत ही सवलत पुन्हा द्यावी, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. परंतु बातमीच्या मथळ्यात "सवलत मिळणार" असे आले, पुढच्या हाताने "मिळाली" असे केले आणि त्यापुढच्याने त्याला एक तारीखही जोडली. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाला अशा दाव्यांचे खंडन करावे लागले आहे.

आणखी एक गोंधळ राज्यातील आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास देऊ केला. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आकारले जाते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस. टी. त ५० टक्के सवलत आहे. या योजना फक्त एस. टी. च्या आहेत. "ज्येष्ठांना मोफत प्रवास" एवढाच मथळा वाचून गेवराईहून निघालेल्या आजी जालन्यापर्यंत मोफत पोहोचतील. रेल्वेच्या खिडकीवर मात्र त्यांना पूर्ण भाडे द्यावे लागेल. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा मात्र रेल्वेत कायम आहे. तिकीट काढताना वय अचूक नोंदविण्याचे तेवढे प्रयोजन अवश्य आहे.

मथळ्यातील टक्के आणि हातातील पैसे

'पर्यंत' हा छोटासा शब्द मथळ्यातून गळाला की बातमीचा अर्थ बदलतो. जुलै २०२३ मध्ये रेल्वे मंडळाने वातानुकूलित चेअर कार आणि एक्झिक्युटिव्ह श्रेणींसाठी, ज्या गाड्यांत आधीच्या ३० दिवसांत ५० टक्क्यांहून कमी जागा भरल्या असतील तेथे, मूळ भाड्यात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याचे अधिकार विभागीय पातळीवर दिले. ही बातमी अनेक ठिकाणी "वंदे भारतची तिकिटे २५ टक्क्यांनी स्वस्त" अशी आली. गर्दीने भरून धावणाऱ्या गाडीला ही सूट लागू होण्याचे कारणच नव्हते.

२०२५ च्या दिवाळीतील 'राउंड ट्रिप' योजनेचेही तसेच झाले. "तिकिटावर २० टक्के सूट" असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ही सूट केवळ परतीच्या प्रवासाच्या मूळ भाड्यावर होती. जाताना ४०० आणि येताना ४०० रुपये मूळ भाडे धरले, तर ८०० रुपयांवर वाचले ८० रुपये, म्हणजे १० टक्के. त्यासाठी अटीही कडक होत्या. जाण्याचा प्रवास १३ ते २६ ऑक्टोबर आणि परतीचा १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळातच हवा. दोन्ही वेळा प्रवासी तेच हवेत. दोन्ही तिकिटे निश्चित हवीत आणि रद्द केल्यास परतावा नाही. दिवाळीला गावी येऊन भाऊबीजेनंतर लगेच कामावर परतणाऱ्या नोकरदाराला या तारखांचा उपयोग नव्हता.

तिसरे उदाहरण "प्रत्येक प्रवाशाला ४६ टक्के सवलत" या विधानाचे. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२२-२३ मध्ये प्रवासी भाड्यावर ५६,९९३ कोटी रुपयांचे अनुदान दिले गेले. म्हणजे १०० रुपये खर्चाच्या सेवेसाठी प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपये घेतले गेले. हे अनुदान भाड्यात आधीच धरलेले असते. तिकिटावरील छापील रकमेतून आणखी ४६ टक्के वजा होतील, असा त्याचा अर्थ नाही.

मुले, प्लॅटफॉर्म तिकीट आणि आधीचे स्थानक

ऑगस्ट २०२२ मध्ये "पाच वर्षांखालील मुलांनाही आता पूर्ण तिकीट" अशी बातमी पसरली. तिचे अधिकृत खंडन झाले. पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी शयनयान किंवा वातानुकूलित शयनश्रेणीत वेगळा बर्थ न घेतल्यास निम्मे भाडे आणि घेतल्यास पूर्ण भाडे, हा नियम एप्रिल २०१६ पासून आहे. रात्रीच्या प्रवासात दहा वर्षांचे मूल आईवडिलांच्या बर्थवर सामावून घेता येत असेल, तर येथे बचत खरी आहे.

"प्लॅटफॉर्म तिकिटावर प्रवास करता येतो" हा सल्ला सर्वांत धोक्याचा. घाईत तिकीट काढता आले नाही आणि प्रवासी प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन गाडीत चढला, तर त्याने स्वतःहून तिकीट तपासनीसास गाठून भाडे आणि दंड भरावयाचा असतो. प्लॅटफॉर्म तिकिटामुळे तो कोणत्या स्थानकावर चढला याचा पुरावा मिळतो, इतकाच त्याचा उपयोग. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १३८ नुसार विनातिकीट प्रवाशाकडून भाड्याव्यतिरिक्त किमान २५० रुपये वसूल केले जातात. फसवणुकीचा हेतू दिसल्यास कलम १३७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

"जालन्याऐवजी नांदेडहून तिकीट काढा" या सल्ल्यामुळे काही वेळा प्रतीक्षा यादी टळते, हे खरे. पण भाडे अधिक अंतराचे पडते. तिकीट काढताना चढण्याचे स्थानक जालना असे नोंदविले पाहिजे किंवा आरक्षण तक्ता तयार होण्यापूर्वी बदलून घेतले पाहिजे. तसे न केल्यास जागा रिकामी समजून दुसऱ्यास दिली जाऊ शकते. हा उपाय जागा मिळविण्याचा आहे. तो पैसे वाचविण्याचा म्हणून सांगणे चूक आहे.

ज्या सवलती खऱ्या आहेत

फसव्या युक्त्यांच्या गलबल्यात खऱ्या सवलती मात्र झाकल्या जातात. यातली हानी सर्वांत मोठी आहे. उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत १०० टक्के सवलत आहे. सोबतच्या एका व्यक्तीला याच श्रेणींत ७५ टक्के सवलत मिळते. हृदयशस्त्रक्रियेसाठी, तसेच मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी किंवा डायलिसिससाठी जाणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या सोबत्याला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरी येण्याजाण्यासाठी द्वितीय श्रेणी आणि शयनयानात ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सवलत आहे. शिक्षणसंस्थेच्या प्रमुखांकडून त्याचे पत्र घ्यावे लागते.

या सवलतींच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. सवलत मूळ भाड्यावर मिळते. एका वेळी एकच सवलत घेता येते. रुग्ण आणि विद्यार्थी यांनी कागदपत्रांसह आरक्षण खिडकीवर जावे. गाडीत चढल्यानंतर तपासनीसाकडे सवलत मागता येत नाही. म्हणूनच रुग्णालयातून पुढील तपासणीची तारीख मिळते त्याच दिवशी प्रमाणपत्रही मागून घ्यावे, हे उत्तम. तत्काळ तिकिटावर ही सवलत चालत नसल्याने उशीर दुहेरी महाग पडतो.

सवलतीस पात्र नसलेल्या प्रवाशालाही एक सरळ मार्ग मोकळा आहे. दिवसा धावणाऱ्या तपोवन एक्स्प्रेससारख्या गाडीत द्वितीय श्रेणीचे आरक्षित आसन घेतले, तर शयनयानापेक्षा कमी खर्चात बसून जाता येते.

गेवराईकराचा हिशेब

रेल्वे स्वस्त, ही सर्वसाधारण समजूत बरोबर आहे. पण गेवराईहून निघणाऱ्याने घर ते मुक्काम असा सगळा खर्च मांडावा. जालना किंवा संभाजीनगरपर्यंतचे एस. टी. भाडे, स्थानकापर्यंतची रिक्षा, रात्री थांबावे लागल्यास त्याचा खर्च आणि पोहोचल्यावरचे वाहन या सर्वांची बेरीज करावी. दोघेही ६५ वर्षांवरील पतिपत्नी पुण्याला जात असतील, तर थेट एस. टी. त दोघांनाही निम्मे भाडे आहे. बीडहून अहिल्यानगरला आणि तेथून गाडी बदलून पुण्याला जाण्याने पैसे किती वाचतील आणि दगदग किती वाढेल, हे निघण्यापूर्वी ताडून पाहावे. एकटा तरुण मुंबईला जात असेल, तर जालन्याहून रेल्वे बहुधा किफायतशीर ठरेल. सर्वांना एकच सल्ला देता येत नाही, तो यामुळेच.

दलालाकडून तिकीट घेतल्यास त्यावर छापलेली रक्कम पाहावी. अधिकृत दलालाच्या शुल्कास मर्यादा आहे. वैयक्तिक खात्यावरून तिकिटे काढून ती विकण्याचा धंदा कलम १४३ खाली गुन्हा आहे, आणि असे तिकीट रद्द झाले तर नुकसान प्रवाशाचे होते.

बातमी पारखावी कशी?

सवलतीची बातमी वाचल्यावर चार प्रश्न विचारावेत. रेल्वे मंडळाचे परिपत्रक निघाले आहे, की ती केवळ मागणी, शिफारस किंवा विचाराधीन प्रस्ताव आहे? अंमलबजावणीची तारीख आणि वर्ष दिले आहे काय? कोणत्या गाड्या आणि कोणत्या श्रेणी, हे स्पष्ट आहे काय? सूट मूळ भाड्यावर आहे की एकूण रकमेवर? या चारांपैकी एकाचेही उत्तर बातमीत नसेल, तर १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर विचारणा करावी आणि मगच एस. टी. स्थानकाची वाट धरावी. जालन्याच्या खिडकीवर जाऊन कळण्यापेक्षा गेवराईतच कळलेले बरे.